चालेल म्हणता म्हणता करंज्यापर्यंत

प्रिय ईशा आणि अर्णव,

गेल्या रविवारी व्हिडिओवर मी ईशाला विचारलं, "नवी नोकरी कशी आहे?" ती म्हणाली, "ठीक आहे गं आजी, चालतंय." मागून सँडविच खात जाणारा अर्णव म्हणाला, "काही चालत नाही आजी, रोज घरी येऊन रडते." त्यावर ईशाने त्याला काहीतरी फेकून मारलं, पडद्यावर छत दिसू लागलं आणि कॉल संपला.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. ईशा, तुझा चेहरा तुझ्या आईचा आहे, केस आजोबांचे आहेत, पण ते "चालतंय" मात्र माझ्याकडून आलेलं आहे. स्वतःचं अक्षर जसं ओळखू येतं, तसं मला ते ओळखू आलं. म्हणून अर्णव नुकताच शाळेत जायला लागला होता तेव्हाची एक गोष्ट लिहून पाठवते आहे. मी चार दिवस करंज्याला जाऊन आले होते. तुमच्या बाबांना या प्रवासाची एक आवृत्ती माहीत आहे. तिच्यात मासे कमी आहेत. तुम्ही पूर्ण वाचा. मराठी हळू वाचता येत असेल तर मोठ्याने वाचा, म्हणजे जमतं.

सुकापूर

आजोबा गेल्यावर वर्षभर मी पनवेलच्या घरात एकटी राहिले. मग माझा गुडघा सुजला, तुमच्या बाबांनी तिकडून महेशकाकाला फोन केला, आणि महेश मला न्यायला आला. महेश म्हणजे आजोबांच्या धाकट्या भावाचा मुलगा. "काकू, आमच्याकडे सुकापूरला चला, एकट्या कशाला राहता?" मी म्हणाले, "चालेल."

महेशकडे दोन खोल्या आणि एक हॉल. हॉलमधला दिवाण मला मिळाला. टीव्ही त्याच्या पायथ्याशीच होता. चालेल. शीतल, महेशची बायको, माहेरची शाकाहारी, त्यामुळे घरात मासे शिजत नसत. चालेल. रात्रीचं जेवण मालिका संपल्यावर. चालेल. पनवेलचं घर भाड्याने गेलं. चालेल. खिडकीतून प्रबळगड दिसायचा, तेवढं एक सुख होतं. पण सुकापुरात तेव्हा भाजीपेक्षा लवकर इमारती उगवत होत्या. दिवाळीपर्यंत अर्धा प्रबळगड उरला आणि होळीपर्यंत कुणाचं तरी बाथरूम दिसायला लागलं. मी पडदा लावला आणि तेही चालवून घेतलं.

कुणी मला वाईट वागवत नव्हतं, हे मुद्दाम सांगते. खरी अडचण तीच होती. वाईट वागवलं असतं तर मी भांडले असते. मला भांडता येतं. मी आयुष्यभर आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवलं आहे.

मग पनवेलचा भाडेकरू घर सोडून गेला, आणि महेशने नवा माणूस शोधला. त्याला तिथे शिकवणीचे वर्ग काढायचे होते. घर बरीच वर्षं हवं होतं, आणि एक मोठा वर्ग व्हावा म्हणून हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडायची होती. ओटाही जाणार होता. "रविवारी तो येतोय काकू, तेव्हा पक्कं करून टाकू. चालेल ना?" महेशने विचारलं. त्या ओट्यावर मी तुमच्या बाबांना बसवून भात भरवला आहे. मी म्हणाले, "चालेल."

दुसऱ्याच दिवशी शीतलचे आईवडील राहायला आले. दिवाण त्यांना लागणार होता. कुणी काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "मी रविवारपर्यंत कुठेतरी जाऊन येते." आणि मग कुठे जायचं, याचा विचार करत बसले. माझं स्वतःचं घर पनवेलला, रिक्षाच्या अंतरावर, रिकामं पडलं होतं. ते मला सुचलंसुद्धा नाही. मी सुमनला फोन केला.

सुमन माझ्याच शाळेत चित्रकला शिकवायची. करंज्याची कोळ्यांची मुलगी, निवृत्त होऊन तिथेच परत गेलेली. तिला म्हटलं, "येऊ का गं?" ती म्हणाली, "विचारतेस काय? आठ वर्षं झाली बोलावतेय."

पनवेल ते उरण

मी प्रवासाला निघते तेव्हा कपड्यांची एक पिशवी, औषधांची एक, आणि खाण्याची एक, असं वेगवेगळं घेते. या वेळी चौथी पिशवी उशीची होती. शीतलच्या आईला मान दुखते म्हणून जास्तीच्या सगळ्या उशा लागणार होत्या. मी म्हटलं माझी उशी तरी माझ्याजवळ असू दे. पारदर्शक चेनच्या पिशवीत ती घातली, त्यामुळे पनवेलच्या एस.टी. स्टँडवर सगळ्या जगाला माझा अभ्रा दिसत होता.

कंडक्टर आला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आजी, हाफ ना?" ज्येष्ठ नागरिकांना अर्धं तिकीट असतं. मी वयाचा दाखला हातात तयार ठेवला होता, त्याच्या पुराव्यासाठी दुसरा दाखलाही होता. त्याने एकही बघितला नाही. मी म्हटलं, "दाखला बघा ना." तो म्हणाला, "कशाला? दिसतंय की." इतकी तयारी करून गेल्यावर माणसाचा असा अपमान होऊ नये.

तुमच्याकडचे महामार्ग बाबांनी मला दाखवले आहेत. एका रांगेत, एकमेकांची माफी मागितल्यासारख्या जाणाऱ्या गाड्या. उरणच्या रस्त्याला तशी रांग नाही. तिथे बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर असतात, एकेक चाळीइतका लांब, आणि त्यांच्यामधून आमची एस.टी. मासोळीसारखी सुळकन निघत होती. दोन्ही बाजूंना मिठागरं आणि खाडीचा चिखल, त्यात एका पायावर उभे बगळे. मध्येच "विमानतळ येणार" म्हणून जमिनीच्या भावावर चाललेली दोन माणसांची चर्चा. विमानतळ तेव्हाही येणारच होता.

उरण स्टँडवर सुमन स्कूटर घेऊन उभी होती.

मी म्हटलं, "ही कुणाची?"

"माझी. बस मागे."

"तू चालवणार?"

"नाही, तुझी उशी चालवणार. बस!" मग पिशवीकडे नीट बघून, "कुमुद, माझ्या घरी उशा नाहीत असं वाटलं तुला?"

सुमन माझ्याहून वर्षाने मोठी आणि आकाराने दीडपट आहे. स्कूटरवर ती बसल्यावर मागे जेवढी जागा उरते, तेवढ्यात मी, चार पिशव्या आणि गुडघा असे बसलो. ती सांगत होती आणि वारा निम्मं उडवून नेत होता. "नवरा होता तोवर मागे बसले. तो गेल्यावर दोन वर्षं स्कूटर अंगणात झाकून ठेवली. रोज तिच्यावरची धूळ पुसायचे. एक दिवस म्हटलं, पुसायची तर बसून तरी बघू."

"पडली नाहीस?"

"पडले की! तीनदा. एकदा तर जाळ्यांच्या ढिगावर. सोडवायला चौघं लागले."

करंजा

करंज्याला द्रोणागिरीच्या डोंगराखाली घरं एकमेकांना चिकटून आहेत, आणि प्रत्येक घराला समुद्राकडे जायची स्वतःची वाट आहे. अंगणात बांबूच्या तट्ट्यांवर सुकट वाळत घातलेली, तारांवर बोंबील टांगलेले. वास येतो. तुम्हाला तो पहिल्या दिवशी वास वाटेल, दुसऱ्या दिवशी हवा वाटेल.

सुमनने जेवायला कोळंबीचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी. मी वर्षभरात माशाचा काटासुद्धा बघितला नव्हता. पहिली भाकरी मी माझ्या पद्धतीने खाल्ली, नीट, चौकोनी घास करून. दुसरी कशी खाल्ली ते आठवत नाही. तिसरीच्या वेळी सुमन माझ्याकडे बघत होती.

"अजून वाढू?"

"चालेल."

"हे बरं म्हणालीस मनापासून," ती म्हणाली. "फोनवरचं तुझं चालेल वेगळं असतं. कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखं."

मग मी तिला पनवेलच्या घराचं सांगितलं. भिंतीचं, ओट्याचं, रविवारचं. ती भाकरी थापत होती, थांबली.

"तुझ्या घराची भिंत पाडायला तू चालेल म्हणालीस?"

"महेशला बरं पडतं गं. आणि मी काय, किती दिवस राहणार आता?"

"किती दिवस?"

"म्हणजे?"

"विचारतेय. किती? हिशेब सांग ना, एवढी टापटिपीची तू. दहा वर्षं काढलीस तर दहा वर्षं दिवाणावर?"

मी म्हटलं की आपल्याला जमवून घ्यायला शिकवलंय. ती म्हणाली, "तुला शिकवलंय. मला नाही. आमच्यात जमवून घेणारी बाई बाजारात बसली तर संध्याकाळी टोपली आणि पदर दोन्ही गमावून घरी येते." मला ते बोलणं थोडं आगाऊ वाटलं. मी विषय बदलला. उशी चांगली होती, झोप लागली.

जेट्टी

सकाळी बोटी आल्या तेव्हा सुमन मला लिलाव बघायला घेऊन गेली. तुमच्याकडे दुकानात मासे बर्फावर झोपलेले असतात आणि त्यांच्या डोक्याशी नावाची चिठ्ठी असते, इस्पितळासारखी. इथे मासे अजून उड्या मारत असतात आणि माणसंही. बोटीतून मासळीच्या पाट्या खाली येतात, प्रत्येक पाटीभोवती बायकांचं कोंडाळं, मध्ये लिलाव करणारी बाई. आम्ही गेलो त्या कोंडाळ्यात यमुनाबाय होती. एवढी मोठी नथ आणि एवढा मोठा आवाज एकाच चेहऱ्यावर मी पूर्वी पाहिला नव्हता.

बोली कशी लागते ते सुमनने मला सांगितलं होतं. यमुनाबाय आकडा ओरडते, कुणी वर जातं, कुणी मान हलवतं, आणि शेवटी ज्या बाईकडे बघून ती विचारते, ती हो म्हणाली की पाटी तिची. कागद नाही, सही नाही. मला ही पद्धत फार आवडली. मी पुढे सरकून, नाकाला रुमाल न लावता, कौतुकाने बघत उभी राहिले. बायका यमुनाबायने सांगितलेल्या आकड्यावर तोंडं वाकडी करत होत्या. समोर मांदेलीची पाटी होती. मांदेली म्हणजे बोटाएवढी, सोनेरी मासळी, तळली की काट्यासकट कुरकुरीत. सोन्याचं दुकान उघडं टाकल्यासारखी ती पाटी चमकत होती.

यमुनाबायचं माझ्याकडे लक्ष गेलं. "काय वो मास्तरीनबाय, नुसत्या बगताव काय? ही पाटी चालल का तुमाला?"

आता कुणी आपल्याला इतक्या अगत्याने विचारलं तर काय म्हणायचं? मी हसून म्हणाले, "चालेल की!"

यमुनाबायने पाटीवर थाप मारली आणि दुसऱ्या पाटीकडे वळली. कोंडाळंही वळलं. मी आणि मांदेली मागे राहिलो.

मी सुमनकडे बघितलं. ती दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली होती, कारण तिला हसताना उभं राहता येत नव्हतं.

"सुमन, सांग ना तिला, मी सहज म्हणाले."

"तू सांग. तोंड तुझं होतं."

मी मनात एक सभ्य वाक्य तयार केलं आणि यमुनाबायजवळ गेले. "हे बघा, जरा गैरसमज झाला. मी केवळ शिष्टाचार म्हणून..."

"बोली झाली नं बाय," ती म्हणाली. "आता दर्याला इचारा, परत घेतो का."

आजूबाजूच्या बायका इतक्या हसल्या की एका होडीतला माणूस उभा राहून बघायला लागला. पैसे नेमके माझ्या पाकिटात होते. गुडघ्याच्या डॉक्टरसाठी बाजूला ठेवलेले. ते दिले. लोक तीर्थाला जाऊन गंगाजल आणतात, मी करंज्याला येऊन पाटीभर मांदेली घेतली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"खाऊन संपणार आहे का तुझ्याने?"

"नाही."

"मग विकायची. चल उरणला. लवकर, ऊन चढायच्या आत."

उरणचा बाजार

त्या दिवशी मी उरणच्या मासळीबाजारात गोणपाटावर बसले. मी, इंग्रजीची एम.ए. चष्मा, घड्याळ, इस्त्रीची साडी. सुमनने माझा पदर खोचून दिला आणि स्वतः शेजारी बसली; "मी फक्त बघायला आलेय," म्हणाली.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे मांदेली नीट मांडली. सगळ्यांची डोकी एका दिशेला, शेपट्या एका रेषेत, प्रत्येक वाटा अगदी सारखा. फार सुरेख दिसत होतं. गिऱ्हाइकं थांबायची, बघायची आणि पुढे जायची. पलीकडे एक म्हातारी बसली होती, कोळंबी घेऊन. बराच वेळ तिने सहन केलं.

"आवो बाय," ती म्हणाली, "म्हावरा हाय त्यो, शालंची पोरं नाय परार्थनेला उभी कराला. असा कुनी घेतंय काय? लोकांना वाटंल कालचा हाय, नटवलाय."

आणि तिने हात घालून माझी सगळी मांडणी एका फटक्यात विसकटली. लगेच दोन गिऱ्हाइकं आली. मला याचं अजूनही वाईट वाटतं.

पहिल्या बाईने विचारलं, "केवढ्याला वाटा?" सुमनने शिकवलेला भाव मी सांगितला. ती म्हणाली, "छे! निम्म्याला द्या." मी म्हणाले, "चालेल." ती इतकी दचकली की तिने वाटा उचलून नाकाशी धरला. मग दुसरी आली, तिलाही निम्म्याला. तिसरीने आधीच निम्म्याचं निम्मं सांगितलं. चालेल. माझ्यापुढे गर्दी जमली. मला वाटलं, काय सोपं आहे हे! लोक उगाच म्हणतात धंद्याला अक्कल लागते. मी सुमनकडे अभिमानाने बघितलं. ती छताकडे बघत होती.

"मास्तरीनबाय," म्हातारी म्हणाली, "तुमी इकाला बसल्याव का वाटाला?"

"जाऊ दे हो आजी," मी म्हणाले (ती माझ्याहून लहान असावी), "घेणाऱ्यांना बरं पडतं, माझं काय, मला चालतं."

तिने कोळंबीवरचा हात काढला. "तुमाला चालतंय. आनि आमाला? सकालधरना बसलंय, माझ्याकरं एक गिराईक नाय. त्या बघा, समद्या तुमच्या म्होरं. तुमी उद्या नसाल बाय, भाव मातर तुमचाच मागतील आमाला."

मी रांगेकडे बघितलं. खरंच, त्या ओळीतल्या सगळ्या बायका हात बांधून बसल्या होत्या आणि माझ्यापुढे जत्रा होती.

मुलांनो, मला आजवर वाटत होतं की माझ्या "चालेल"चा भार फक्त माझ्यावर पडतो. आपण थोडं आवरून बसलं की बाकीच्यांना पाय पसरता येतात, आणि ते पुण्याचं काम आहे. असं कुणी मला कधी म्हटलं नव्हतं की बाई, तुमच्या चांगुलपणामुळे आमचा बाजार बसला.

मी काही बोलणार इतक्यात पुढून आवाज आला, "बाई? देशमुखबाई? तुम्ही? इथे?"

एक गलेलठ्ठ गृहस्थ उभे होते, हातात गाडीची किल्ली. मी लगेच ओळखलं. आठवी ब, मागचा बाक, वर्षभर स्पेलिंग चुकवणारा. आता उरणला त्याचं मोठं दुकान होतं. त्याला माझी इतकी दया आली की डोळे भरून आले. "बाई, पेन्शन वेळेवर मिळत नाही का?"

"मिळते. तुला मांदेली हवी का?"

त्याने चार वाटे घेतले. आणि मग, हे लक्षात घ्या, डोळे पुसत पुसत म्हणाला, "बाई, जुन्या विद्यार्थ्याला काहीतरी कमी करा ना."

म्हातारी माझ्याकडे बघत होती. सुमनने छत सोडलं आणि तीही बघायला लागली. माझ्या ओठांवर तो शब्द आला होता, सवयीने, अगदी दारापर्यंत.

"नाही," मी म्हणाले.

"थोडं तरी?"

"तुला मी आठवीतसुद्धा वाढवून मार्क दिले नव्हते. आता का देऊ?"

तो इतका खूश झाला की पूर्ण पैसे देऊन पायाही पडला. म्हातारी म्हणाली, "आता कशी बरी बोल्ली!" आणि मला माझ्या अंगात काहीतरी सरळ झाल्यासारखं वाटलं, गुडघा सोडून.

त्यानंतर मात्र मी वाहवत गेले. "नाही" हा शब्द मला इतका आवडला की मी तो सगळ्यांनाच म्हणायला लागले. एका बाईने फक्त "ताजी आहे का?" विचारलं, तिलाही मी नाही म्हणाले. शेवटी सुमनने माझा हात धरला. "अगं ए, थांब! शेवटचे वाटे आहेत, ऊन चढलंय, आता दे कमी करून."

"का म्हणून?"

"कारण आता कमी करायची वेळ आहे. बाई गं, तुला मधलं काही येतच नाही का?"

येत नव्हतं. ते मी नंतर शिकले. त्या दिवशी मी थोडी मांदेली न विकताच उठले आणि ती सुमनच्या घरी बर्फात ठेवली. पाटीचे पैसे जेमतेम निम्मे परत आले. सुमन म्हणाली, "फी समज."

संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बसलो होतो. समोरून रेवसची लाँच येत होती. मी तिला म्हटलं, "मी पनवेलला परत गेले तर?"

"तर काय?"

"गुडघा आहे. एकटी पडले तर?"

"तर पडशील. मी तीनदा पडले."

परत

रविवारी सकाळच्या गाडीने निघाले. बर्फ घातलेली मांदेली तीन पिशव्यांत एकात एक बांधली होती, बाहेरच्या पिशवीवर मी "ओलं" अशी चिठ्ठीही लावली होती. तरी जासईच्या पुढे ती बोलायला लागली. शेजारची बाई नाक आक्रसून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मांदेली ना? तळणार की आंबट कालवण?" पनवेल येईपर्यंत आम्ही त्यावरच बोललो.

सुकापूरच्या इमारतीत मात्र लिफ्ट उघडली तसा एक माणूस आत आला, थांबला आणि जिन्याने गेला.

महेशच्या घरी हॉल भरलेला होता. शीतलचे आईवडील दिवाणावर, महेश खुर्चीत, आणि समोर शिकवणीवाले गृहस्थ, मांडीवर मोजपट्टी. मी दारात उभी राहिले. पिशवीतून एक थेंब फरशीवर पडला.

"या काकू, वेळेवर आलात," महेश म्हणाला. "सर म्हणतायत, भिंत मंगळवारीच काढू."

मी बसले असते तर बोलू शकले नसते, म्हणून उभ्यानेच बोलले. "महेश, घर द्यायचं नाही. मी तिथे राहायला जातेय."

शीतलच्या आईने आधीच पदर नाकाला लावला होता. आता तो काढला, नीट ऐकू यावं म्हणून.

"काकू? पण तुम्ही चालेल म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मग मी यांना काय सांगू?"

"यांना मीच सांगते. सर, माफ करा, तुमचा हेलपाटा झाला. नाही जमणार."

सर उठले. महेश उठला नाही. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. त्याने सगळं माझ्या भल्यासाठीच केलं होतं. "काकू, काही चुकलं का आमचं? दादाला मी काय तोंड दाखवू? एकट्या तुम्ही, तो गुडघा..." मी म्हटलं, "काही चुकलं नाही रे. तुझं घर चांगलं आहे. माझं नाही, एवढंच." आणखी एकदा कुणी विचारलं असतं तर मी मोडले असते.

तेवढ्यात शीतलने माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. दार लावलं. मला वाटलं, आता ही रडणार.

"काकू, एक बोलू? रागवायचं नाही."

"बोल."

तिने फडताळ उघडलं. वर्षभरापूर्वी आल्या आल्या मी तिला मदत म्हणून मसाल्याचे सगळे डबे लावून दिले होते. इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या लावून, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. हिंग पहिला, कारण अॅसाफिटिडा. हळद सगळ्यात शेवटी, कारण टर्मरिक.

"मला वर्षभर हळद सापडत नाहीये," शीतल म्हणाली. "फोडणी करपते. तुम्ही हौसेने लावलं होतंत, म्हणून मी चालेल म्हणत होते."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आधी ती हसली की मी, ते सांगता येणार नाही. बाहेरून तिच्या आईने विचारलं, "शीतल, सगळं ठीक आहे ना गं?" तेव्हा आम्ही ओट्याला धरून उभ्या होतो.

मग तिनेच महेशला समजावलं. मी पनवेलच्या घराची किल्ली मागितली तेव्हा ती म्हणाली, "आणि ही मासळी? तिथे भांडं कुठाय?" तिने लोखंडी कढई, तेल, तिखट, मीठ, तांदळाचं पीठ आणि हळद पिशवीत घातलं. हळदीचा डबा अख्खाच दिला.

"कढई उद्या घासून पाठवते," मी म्हटलं.

"नको नको," ती घाईघाईने म्हणाली. "मासे तळल्यावर नको. तुमच्याकडेच राहू दे. कायमची."

महेशने मला रिक्षाने सोडलं, तोंड फुगवून. घरात धूळ होती आणि एक मोडकं स्टूल. भिंत जागेवर होती. भाडेकरूने गॅस ठेवलेला नव्हता. शेजारणीने शेगडी दिली, मोबदल्यात बारा मांदेल्या घेतल्या, भाव न करता. मी ओटा पुसला, मासे साफ केले, तळले. महेश दारात घुटमळत होता. तो आईच्या हातचे मासे खाऊन वाढलेला मुलगा, लग्नानंतर शीतलसाठी सोडले होते. त्याला स्टूल दिलं. ताटलीत काटेसुद्धा उरले नाहीत. जाताना म्हणाला, "काकू, मी दर रविवारी बघायला येत जाईन हं, तुमचा गुडघा."

ईशा, ही गोष्ट वाचून तू उद्या नोकरी सोडावीस असं मी म्हणत नाही. मला तुझ्या नोकरीतलं काही कळत नाही, आणि मी पहिल्यांदा नाही म्हणायला शिकले तेव्हा मासे उरले होते. पण तुला चालत नसेल तर ते एकदा मोठ्याने म्हण. घरच्या घरी म्हण, अर्णवसमोर म्हण. ऐकायला कसं वाटतं ते बघ. समोरच्याकडेही एखादा हळदीचा डबा असू शकतो.

तेव्हापासून बरंच बदललं. यमुनाबाय आता लिलावाला येत नाही, तिची सून येते आणि तिच्याहून मोठ्याने ओरडते. उरणच्या बाजारातली ती म्हातारी कुठे गेली, सुमनलाही माहीत नाही. सुमनची स्कूटर तिच्या पुतण्याने विकली. ती आता रिक्षावाल्याच्या शेजारी पुढे बसते. माझा एक गुडघा बदलला, दुसरा जुनाच आहे. पनवेलचं घर अजून आहे, आणि त्यात मी राहते.

तुमची आजी